एकशे दहा

तुझी पेटी पोचली, मारिफे.
शिकागोहून निघाल्यावर चौसष्टाव्या दिवशी,
एक कोपरा चेपलेला, बाकी शाबूत.
साबण, मांसाचे डबे, बाबांचे लोकरी मोजे
(या उकाड्यात मोजे! पण घालतात, रात्री)
आणि तळाशी, टॉवेलात
तान्हं बाळ गुंडाळावं तशी गुंडाळलेली
दिव्यांची माळ.

मी ती घेऊन थेट खिडकीपाशी.
बाबा म्हणाले, थांब.
एकतीस वर्षं विजेच्या खांबांवर चढलेला माणूस
थांब म्हणाला की
हात आपसूक मागे येतो.

भिंग धरून त्यांनी पिनेजवळची पट्टी वाचली,
डॉक्टरची चिठ्ठी वाचावी तशी, एकेक अक्षर.
एकशे दहा, म्हणाले.
आणि आपल्या भिंतीत दोनशे वीस.

म्हणजे काय?
म्हणजे घोटभर पाणी मागणाऱ्याच्या तोंडाला
बंबाचा पाइप लावायचा.
क्षणभर लखलखतील तुझ्या लेकीचे दिवे,
मग काळे पडतील,
आणि पडदा जवळ असला
तर त्यालाही सोबत नेतील.

शेजारचा दोमिनादोर आठवतो ना?
त्याच्याकडे एका सॉकेटला तीन तोंडांची पिन,
तिला आणखी एक, तिला पंखा, भाताचा कुकर
आणि सप्टेंबरपासून अखंड पेटलेला पारोल.
परवा शुभेच्छा द्यायच्या निमित्तानं बाबा गेले
आणि बोलता बोलता पिनेला उलटा हात लावून आले.
तापलीय, म्हणाले,
पोराच्या कपाळाला हात लावून म्हणावं तसं.
दोमिनादोर हसला. गेली पाच वर्षं तापतेय!
बाबा हसले नाहीत.

त्या स्फोटापासून त्यांना वास येत नाही, तुला ठाऊक आहे.
म्हणून हात त्यांचा, नाक माझं.
रात्री ते सॉकेटं चाचपतात, मी हुंगते.
असा चाललाय आमचा संसार.

शिंपल्यांची आपली जुनी चांदणी काढली,
तर तिची वायर उंदरानं कुरतडलेली.
मी गुपचूप चिकटपट्टी लावत होते, पकडले गेले.
झाकली म्हणून जखम भरत नाही, म्हणाले,
आणि लुसेनाच्या बाजारात जाऊन
तपासणीचा शिक्का असलेली नवी माळ आणली.
बिनशिक्क्याची निम्म्या किमतीत मिळत होती.
दुकानदाराशी भांडण झालं ते वेगळंच.
पावसाची झड दारापर्यंत येते,
म्हणून चांदणी यंदा आत, जिन्यापाशी.
पहाटे चारला घंटा होते,
चर्चला निघताना तीही विझवतात.
सगळी गल्ली झगमगते
आणि मध्येच आपलं घर, पडलेल्या दातासारखं.
लोक कंजूष म्हणतात. म्हणोत.
परतताना केळीच्या पानावरची बिबिंका घेतो,
गरम, दोघांत एक.

आता खरं सांगते.
परवा फोनवर तू म्हणालीस,
लावून दाखव ना, आई, माझी माळ.
ती आम्ही खिडकीला बांधली होती, पिन मोकळी, हवेत.
बाबा पडद्याआड विजेरी घेऊन उभे.
एकेका दिव्यात खोटा उजेड चढला,
लाल, हिरवा, पुन्हा लाल,
आणि तू म्हणालीस, किती छान!
मग विचारलंस, पण लुकलुकत का नाहीत?
मी तोंड उघडायच्या आत
विजेरी हलायला लागली.

अकरा मिनिटं, मारिफे.
सत्तरीचा माणूस, हात वर करून.

दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो म्हणे,
विटेएवढा जड, सारखा गुणगुणतो.
तू येशील त्या वर्षी आणू.
तोवर माळ टॉवेलातच ठेवलीय.

त्यांचा खांदा अजून दुखतो.
मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.